दोन कुंड्यांतला घेवडा

भिंगरीताई हे नाव तिला नवऱ्यानं दिलं, आणि ते इतकं चपखल बसलं की तिच्या रोपवाटिकेत येणारी गिऱ्हाइकंही तिला तसंच म्हणू लागली. बाईनं एका जागी बसून चहा संपवला, असं कोणी पाहिलेलं नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातानं रोपांच्या ट्रेमधलं तण उपटणं चालू. तिसरा हात असता तर त्यानं शेजारणीच्या कुंड्याही साफ केल्या असत्या.

पण हल्लीची तिची धावपळ कामाची नव्हती, जिवाच्या घालमेलीची होती. धाकट्या बहिणीनं नोकरी सोडून पहिल्यांदाच टोमॅटोचा मळा लावला होता. रोपं ताईची, सल्ला ताईचा, आणि खतही तिनंच मिळवून दिलेलं: घोड्यांच्या तबेल्यातली लीद, चांगली मुरलेली, काळीभोर. आता त्या टोमॅटोचे शेंडे आकसले होते आणि नवी पानं आवळलेल्या मुठीसारखी वळली होती. धाकटीनं पाणी वाढवलं, व्हायरस समजून औषध मारलं, पण काही फरक पडेना. शेवटी ती रोपवाटिकेत आली आणि तिथली टवटवीत रोपं एकेक करून बघत सुटली.

"तुझी सगळी ठणठणीत," ती म्हणाली. "माझ्याच वाट्याला गाळसाळ आलं का गं, ताई?"

उत्तराला थांबली नाही. त्यानंतर फोनही उचलेना.

ताईच्या ते जिव्हारी लागलं. पाठच्या बहिणीला कोण टाकाऊ रोपं देईल? उलट खत तर असं झकास होतं, की स्वतःसाठी पाटीभरही न ठेवता तिनं सगळं तिकडे धाडलं होतं. हेच मनात पुन्हा पुन्हा घोळवताना ती एकदम थबकली. रोपं दोन्हीकडे एकाच ट्रेमधली होती. फरक होता तो फक्त खताचा.

गाडी भरताना कुंपणाजवळ थोडं खत सांडलं होतं. ते तिनं खरवडून आणलं, एका कुंडीतल्या मातीत कालवलं, दुसरीत नुसती माती भरली आणि दोन्हींत घेवडा पेरला. घेवडा भारी चुगलखोर. मातीत काही वावगं असलं की लगेच सांगून टाकतो. पण तो उगवेपर्यंत वाट पाहायची, आणि ते काही तिच्या स्वभावात नव्हतं. उठता-बसता ती कुंड्यांपाशी. तू टक लावून बघतेस म्हणून तो बिचारा लाजतोय, असं नवरा म्हणाला, तर त्यालाच बोलणी बसली.

नुसत्या मातीतला घेवडा सरळ वर आला. खतातलाही आला, आणि त्याची पानं मुठीसारखी मिटली.

ती तडक तबेल्यात गेली. मोतद्दारानं कौतुकानं सांगितलं, की मालक आता घोड्यांसाठी नव्या कुरणाचं गवत घेतात, एकदम स्वच्छ. तिथे तणनाशक मारतात. रुंद पानांचं तण तेवढं मरतं, गवताला धक्का नाही, घोड्यांनाही काही होत नाही. ताई तिथल्याच ओट्यावर बसून साखळी जुळवू लागली. घोड्यानं गवत खाल्लं, औषध लिदीतून बाहेर पडलं. लीद कुजली, पण ते कुजलं नाही. मातीतल्या पाण्यात उतरलं, मुळांनी ते पाणी प्यायलं आणि औषध थेट शेंड्यांत पोचलं. टोमॅटोही रुंद पानाचाच. त्या औषधाच्या लेखी तोही तणच.

बहीण मळ्यात होती. ताईनं कुंडी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"रोपं चांगली होती. खत वाईट होतं, आणि ते मी दिलं."

जमीन कायमची गेली का, एवढंच धाकटीनं विचारलं. नाही गेली, ताई म्हणाली; माती हे विष हळूहळू जिरवते, फक्त ती उलथीपालथी करत राहायला हवी. एखाददोन वर्षं जातील. तोवर मका घे, तो गवताच्याच कुळातला, त्याला ते बाधत नाही.

धाकटी मिटलेल्या पानांकडे बघत राहिली. "चांगलं म्हणून सगळं मलाच दिलंस?"

ताईला रडू फुटलं.

"आणि चांगलं म्हणून आणखी कोणाकोणाला सांगितलंस?"

ताईचं रडू जागच्या जागी थांबलं. रोपं न्यायला आलेल्या प्रत्येकापाशी तिनं त्या खताची वाखाणणी केली होती. लोकांनी तबेल्यातून गाड्या भरून नेल्या होत्या, काहींच्या लागवडी अजून व्हायच्या होत्या. दारोदार जाऊन हे सांगायचं, म्हणजे इतक्या वर्षांत कमावलेलं नाव आपल्याच हातानं घालवायचं. आणि न सांगावं, तर त्यांच्या टोमॅटोचंही हेच होणार. ती एकेक नाव आठवून सांगू लागली आणि प्रत्येक नावागणिक तिचा आवाज खाली जाऊ लागला.

धाकटीनं एक आकसलेलं रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि ताईच्या स्कूटरवर मागे जाऊन बसली.

"चल," ती म्हणाली. "जिचं नुकसान झालंय ती सोबत असली, तर तुला कोणी खोटी म्हणणार नाही."