भरल्या गाडीने घाटी

आमचं घर सड्यावर. मसुऱ्याच्या अलीकडे एक घाटी चढून वर आलात की काजूच्या बागा संपतात आणि उघडा कातळ लागतो, तिथे. बाजार, एसटीचा थांबा, कणकवलीचा रस्ता, सगळं खाली. मीठ संपलं तरी घाटी उतरायची. नवऱ्याने जन्मभर बोटीवर इंजिन खात्यात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर म्हणाला, डिझेलचा वास आता पुरे, आणि हौसेने विजेची गाडी घेतली. ती दारात येऊन सहा महिने होतात न होतात तोच त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. ‘बरां’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द राहिले, आणि तेही कधीकधी अदलाबदल होऊन येत.

मुलगा ठाण्याला. त्याचा रोज फोन. “आई, इकडे या. लिफ्ट आहे, हॉस्पिटल समोर आहे.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ठाण्याचं नाव निघालं की नवरा भिंतीकडे तोंड करून पडायचा, ताटाला हात लावायचा नाही. तिकडे नेला तर हा माणूस खचेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. इथे राहायचं तर व्यायामासाठी त्याला दर आठवड्याला कणकवलीला न्यायला हवं. रिक्षावाल्याची मनधरणी तरी किती करायची? आपला हात जगन्नाथ. साठी उलटल्यावर मी गाडी शिकले.

ड्रायव्हिंग स्कूलच्या खटारा गाडीवर क्लच सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले. लायसन हातात आल्यावर दारातली गाडी बाहेर काढली, तर ही अगदीच गुणाची निघाली. पाय दाबला की चालते, पाय उचलला की आपोआप धरून ठेवते, आणि धरताना वीज तयार करून परत बॅटरीत भरते. घाटी उतरून खाली गेलं की बॅटरी वरच्यापेक्षा जास्त भरलेली! दुसरं कोण देतं असं? उतारावर नुसता उजवा पाय हलका करायचा, गाडी शहाण्या बैलासारखी हळूहळू उतरायची. ब्रेकला मी फक्त थांब्याजवळ शिवायची. हळूहळू तो आहे हेच विसरले.

मुलाला मात्र भरवसा नव्हता. फोनवरून सूचना चालूच. आई, वळणावर हॉर्न दे, आई, आरसा बघ. ठाण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! शेवटी रजा काढून आला. न्यायलाच आला होता, हे त्याने आणलेल्या रिकाम्या बॅगांवरून कळलं. “उद्या तू चालव, मी मागे बसतो,” म्हणाला. “मला पटलं तर राहा इथे. नाही पटलं तर माझ्याबरोबर चलायचं, वाद नको.” मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी नणंद भाच्याला भेटायला आली. नवऱ्याची मोठी बहीण, शेजारच्याच वाडीत दिलेली, घरात तिचा शब्द चालतो. मी गाडी चार्जिंगला लावत होते.

“किती भरतंस गो?”

“ऐंशी टक्के, वन्सं. गाडी देणाऱ्याने तेवढीच भरायला सांगितलीय.”

“म्हणजे उणी? अगो, उद्या एवढ्या कामाक जातंस आणि उणी गाडी घेवन?”

आमच्याकडे कामाला निघालेल्या माणसासमोर भरलेली कळशी आली तर काम झालंच समजायचं. रिकामी आली तर घरात परत जायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. वन्सं तर लग्नाच्या बोलणीला माणसं निघाली की कोणाला तरी मुद्दाम भरली कळशी घेऊन बेड्याशी, अंगणाच्या फाटकात, उभं करतात. ऐंशीवर का थांबायचं हे मी त्या गाडीवाल्याला कधी विचारलं नव्हतं. बॅटरीला बरं असतं म्हणे, एवढंच ऐकलेलं. एका दिवसाने काय बिघडतंय? आणि खरं सांगू, मलाही ती भरलेलीच हवी होती. नशिबाने रात्रभर लाइटही गेली नाही. सकाळी बघते तर पुरे शंभर. वन्संनी चार्जिंगच्या झाकणाला हळदकुंकू लावलं आणि स्वतःच मागच्या सीटवर चढून बसल्या. मुलगा त्यांच्या शेजारी, नवरा माझ्या डाव्या हाताला.

सड्यावरून बाहेर पडलो तोवर सगळं ठीक होतं. पहिला उतार आला, मी सवयीने पाय उचलला. गाडीने धरलंच नाही. तशीच घरंगळत राहिली, उलट वेग वाढू लागला. समोर काचेखाली इंग्रजीत पिवळी ओळ उमटली, ती वाचायला वेळ कोणाला? पाय पूर्ण उचललेला, तरी गाडी खाली खाली, आणि पुढे ते आंब्याखालचं वळण. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाय आणखी उचलायचा तरी किती?

“आई, ब्रेक,” मुलगा म्हणाला.

ब्रेक! मी पाय सरकवला आणि दाबला, जरा जास्तच. वन्सं पुढच्या सीटवर आपटल्या, मुलाचा फोन खाली पडला, आणि गाडी वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली. खालून एसटी आली, शेजारून आरामात निघून गेली. कोणाला काही लागलं नव्हतं.

मुलाने फोन उचलून त्या पिवळ्या ओळीचा अर्थ शोधून काढला. त्याचा आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त लागला. “बॅटरी पूर्ण भरली की गाडी उताराची वीज घेऊ शकत नाही. जागाच नसते. म्हणून पाय उचलला तरी ती धरत नाही, ब्रेकच मारायचा. ऐंशी टक्के ठेवली असती तर काही झालं नसतं.”

मागे वन्संनी कपाळ चोळलं. “व्हय तर. भरल्या कळशेत आणखी ओततलंस तर पाणी जातलां खंय?” मग पदर सावरत, “माझोच शहाणपणा नडलो.” वन्संनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा ऐकली, पण त्या वेळी त्याचं कौतुक करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. परीक्षा घाटीतच संपली होती. मी नापास.

मुलगा उतरला, पुढून फिरून माझ्या बाजूला आला आणि दार उघडलं. “उतर आई. मी चालवतो. आणि आल्यावर सामान भरू. मी रागावलो नाहीये, पण एकदा असं झालं, पुन्हा होणार नाही कशावरून? बाबांना घेऊन या घाटीत तू एकटी असलीस तर?”

त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, आणि त्याचाच मला संताप येत होता. मी पट्टा सोडायला हात घातला.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. घसा खरवडून, मध्ये थांबत, ओठांचा एक कोपरा ओढत नवरा बोलत होता. मी वळून पाहिलं. त्याचा चांगला हात मांडीवर निवांत होता. दारावरची आधाराची मूठ त्याने धरलीच नव्हती, सगळी गाडी खाली घरंगळत असतानासुद्धा.

“तिका,” तो म्हणाला. बराच वेळ पुढचा शब्द सापडला नाही. आम्ही कोणीच मदत केली नाही. “तिका येता. गाडी तिका येता.”

“बाबा,” मुलगा म्हणाला.

“नको,” नवऱ्याने त्याला थांबवलं, आणि या वेळी शब्द बरोबर जागी आला. “माका... हयच रवाचां आसा. हिच्यावांगडा.”

इथेच, माझ्याबरोबर. मुलगा दाराला धरून उभा राहिला. बापाचं पूर्ण वाक्य त्याने त्या झटक्यानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. मीही. त्याने माझ्या बाजूचं दार बाहेरून हळूच लावलं आणि मागे जाऊन बसला.