कड्यावरची बाकं

इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या एका गावाबाहेरची कड्यावरची पायवाट तीस वर्षं डेन्झिलच सांभाळत होता. दर हिवाळ्यात समुद्र कड्याचा लचका तोडायचा आणि डेन्झिल कुंपण, वाट, बाकं सगळं आत सरकवायचा. बाकांवर गावातल्या मेलेल्या माणसांची नावं असत. ज्याला जिथून समुद्र बघायला आवडायचं, तिथेच त्याचं बाक.

मागच्या वर्षी त्याने रोझवर्न म्हातारीच्या नवऱ्याचं बाक आत घेतलं, तेव्हा ती चांगलीच तणतणली होती. "मेल्या, इथून समुद्र कुठे दिसतोय? माझ्या नवऱ्याला काय झुडपं बघत बसवतोस?"

"ऐकू येतो ना? मग झालं तर!" डेन्झिल खेकसला होता. असली रडगाणी ऐकून त्याचे कान किटले होते.

पुढे उन्हाळ्यात त्याची बायको लोवेना गेली. तिचं बाक त्याने सगळे नियम धाब्यावर बसवून अगदी कड्याच्या टोकाशी रोवलं. जानेवारीतल्या वादळानंतर जाऊन बघतो तर बाकामागे जमिनीला लांबच लांब भेग पडलेली.

दिवसभर एकटा खपून त्याने ते उपसलं, आत आणून म्हातारीच्या बाकाशेजारी रोवलं आणि धापा टाकत त्यावर बसला. समोर नुसती पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं.

शेजारी म्हातारी केव्हाची बसली होती. तिने थर्मासमधला चहा त्याच्यापुढे केला.

"ऐकू येतो ना रे?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नावालाही नव्हता. तो असता, तर डेन्झिलला रडू फुटलं नसतं.