सोमारीची पेज

पाळकांनी बाप्तिस्मा देताना सोमारीचं नाव मार्था ठेवलं, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही पाहत नसे. "देवाले माहं नाव माईत हाय. तुमी काऊन बदलवून राह्यले?" असं पाळकांच्या तोंडावर विचारायची.

कुरखेड्याच्या पुढं जंगलात मिशनचा महारोग्यांचा दवाखाना होता. एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं मी तिथं कंपाउंडर होतो आणि सोमारी रोग्यांचा स्वयंपाक करायची. मीही प्रभूचाच माणूस, पण उपदेश सुरू झाला की मला हटकून डुलकी लागते. विश्वास म्हणजे काय हे मला थोडंफार कळलं असेल, तर ते तिच्या चुलीपाशी.

तिच्या अंगावर चट्टे दिसले तेव्हा गावानं नाल्यापलीकडं एक झोपडी बांधून दिली. रगतपितीच्या माणसानं तिथंच राहायचं नि तिथंच मरायचं, अशी रीत. नवरा लच्छू रोज काठावर भात ठेवून जायचा. पण तिला दिवस गेले होते, आणि पोट दिसायला लागल्यावर त्याला राहवेना. त्यानं तिला बैलबंडीत घालून आमच्याकडं आणून सोडलं. पुढं दोन-तीन वर्षं धान निघालं की तांदूळ घेऊन येत राहिला, मग दुसरी बायको केली आणि यायचा थांबला. मी त्याला शिव्या घातल्या, तर सोमारीनं मलाच झापलं. "लेकरू मरू नये म्हून त्यानंच आणलं ना मले? गप ऱ्हाय, भाऊ."

मुलगी झाली ती बुधवारी, म्हणून बुधरी. रोग लागू नये म्हणून मूल जन्मल्याबरोबर आईपासून वेगळं करायचं, असा नियम होता. कुंपणापलीकडं निरोगी मुलांचं घर होतं, ते नर्स कमळाबाई सांभाळायच्या. त्यांनी पोर फडक्यात गुंडाळून नेली आणि सोमारीला लेकीला हातही लावता आला नाही. "माह्या पोटातून निघाली अन् मलेच नाई देल्ली!" ती ओरडत राहिली. त्यानंतर कित्येक दिवस तिनं देवाला आणि आम्हाला सारखंच फैलावर घेतलं.

मग एकदा प्रार्थनेत तिनं ऐकलं, की येशूनं महारोग्याला हात लावून बरं केलं. बाकीचं काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. "खरंच हात लावला?" तिनं पाळकांना पुन्हा पुन्हा विचारलं. तेवढ्या एका गोष्टीवर ती ख्रिस्ती झाली, आणि एकच मागणं धरून बसली: एकदा लेकीला हात लावू दे.

तोवर तिनं चूल धरली. म्हाताऱ्या झिंगूची बोटं झडली होती, त्याला ती स्वतः पेज पाजायची. आमच्या रोग्यांचे हात बधिर, कुणाचे ओठ बधिर. तोंड भाजलं तरी पत्ता लागत नसे. सोमारीचे पंजेही तसेच झाले होते. म्हणून ती पळीतला थेंब कोपराच्या आतल्या खळगीत टाकून पाहायची. हातावर तेवढीच जागा जिवंत राहिली होती. बुधरी कुंपणाला नाक लावून हे बघायची आणि तिकडून ओरडायची, "माय, भाजलं का वो?"

पुढं नव्या पांढऱ्या गोळ्या आल्या आणि सोमारीचे चट्टे विझत गेले. मधूनमधून कानाची पाळी चिरून जंतूंची तपासणी व्हायची. आणखी एक तपासणी चांगली निघाली, की कुंपणाचं फाटक तिच्यासाठी उघडणार होतं. झिंगू तिला चिडवायचा, "लेक भेटली का मंग मले पेज कोन पाजन?" ती म्हणायची, "तीच पाजन तुले."

त्या भादव्यात बुधरी हिवतापानं पडली. ताप डोक्यात गेला. कमळाबाईंनी सुया दिल्या, उशाशी बसून राहिल्या, पण उतार पडेना. शेवटी दुपारी त्यांनी तपासणीची वाट न बघता फाटक उघडलं. "नियमाचं मी पाहून घेईन," त्या म्हणाल्या आणि सोमारीला आत घेऊन आल्या.

सोमारीनं हात धुतले, पदराला पुसले आणि लेकीच्या कपाळावर पंजा ठेवला. ठेवून तशीच बसली. मग तिनं कमळाबाईंकडं पाहिलं.

"बाई, ताप हाय का इले?"

इतक्या वर्षांनी हात लागला होता, आणि हाताला काही कळत नव्हतं. मला त्या वेळी देवाचा भयंकर राग आला, तो लपवत नाही.

तिनं पोरीला मांडीवर घेतलं, बाही वर सारली आणि कोपराची खळगी तिच्या गालाला लावली. डोळे मिटून घेतले. "लय गरम हाय माही बाय," ती पुटपुटली. बुधरीनं डोळे उघडले.

"माय, मी का पेज हावो?" असं म्हणून ती हसलीसुद्धा.

दिवस मावळायच्या आत ती गेली. तिचं डोकं आईच्या कोपरावरच होतं.

मोहाच्या झाडाखाली आम्ही तिला माती दिली. दुसऱ्या दिवशी चूल मीच पेटवावी म्हणून गेलो, तर धूर निघत होता. सोमारी फुंकणी घेऊन बसलेली. माझा राग गेला नव्हता. "अजून भरोसा हाय का तुझा देवावर?" मी विचारलं.

"त्याच्या मनात काय हाय, मले समजत नाई," ती म्हणाली. "लय दुखून राह्यलं, भाऊ. पन हात लावू दे म्हून मांगितलं होतं, त्यानं लावू देल्ला. बाकीचं वर गेल्यावर त्यालेच इचारीन. आता झिंगू उपाशी हाय."

पेज शिजली. तिनं पळी घेतली, बाही सारली आणि थांबली. कोपराच्या त्या खळगीकडं बघत राहिली. "दे, मी पाहतो," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि थेंब टाकला. पेज कढत होती. पेज निवेपर्यंत ती बसून राहिली, मग पुन्हा टाकला. आता मात्र तिचे डोळे वाहायला लागले. तशीच उठली आणि वाटी झिंगूच्या तोंडाला लावली.

"पी बाबा," ती म्हणाली. "बुधरीएवढीच गरम हाय."