चार नंबरच्या सात ओळी

रेकॉर्डताईंनी पहिल्या भेटीत मला बसायलाही सांगितलं नाही. समोरच्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती आणि ती उचलावी असं त्यांना वाटलं नाही. मी आपली उभीच.

"तुमचं ते टूल आमचं सगळं वाचणार म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो. दुपारपर्यंत होईल वाचून."

त्या हसल्या. ते हसणं मला झोंबलं, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मी त्यांच्यावर मनातल्या मनात फुली मारली. वीस वर्षं एका खुर्चीला चिकटलेली माणसं मी खूप पाहिली होती.

ते ऑफिस निराधार मुलांच्या वसतिगृहांचं. बारा वसतिगृहं आणि त्या सगळ्यांची मिळून रेकॉर्डची ही एकच खोली: दोन लोखंडी कपाटं, अर्धीच उघडणारी खिडकी, आणि धूळ बसू नये म्हणून टॉवेल पांघरलेला जुना कॉम्प्युटर. कोणतं मूल कधी आलं, कुठे ठेवलं, कुठे हलवलं, सगळं त्याच्यातल्या डेटाबेसमध्ये. त्या डेटाबेसची रचना उलटी वाचत जायची आणि टेबलांवरून, म्हणजे त्यातल्या तक्त्यांवरून, नव्या प्रोग्रामसाठी मॉडेल बनवायचं, हे माझं काम. जुन्या मशीनला नुसत्या आकड्यांच्या ओळी दिसायच्या. नव्याला 'हे मूल', 'हे वसतिगृह', 'हे मूल या वसतिगृहातलं' असं कळायला हवं होतं. मॉडेलमध्ये जे येईल ते पुढे जाणार, जे येणार नाही ते जुन्या मशीनबरोबर पुसलं जाणार. मशीन महिनाअखेरीला जाणार होतं. ताई त्याच दिवशी निवृत्त होणार होत्या.

टूलनं एकसष्ट टेबलं वाचली. एका टेबलाचा दुसऱ्याशी दुवा नीट बांधलेला असला की ते चित्रात दोघांमध्ये रेघ काढतं. साठ टेबलांना रेघा आल्या. एक मात्र कोपऱ्यात एकटंच उभं होतं. नाव 'तात्पुरते'. कॉलम चार: अ, ब, प्रकार, तारीख. कुठेही दुवा नाही, टीप नाही, चारशे बारा ओळी. असा कचरा प्रत्येक जुन्या डेटाबेसमध्ये सापडतो. मी त्यावर काट मारली आणि यादी सहीसाठी ताईंपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला, यादी वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"ही काट कोणी मारली?"

"मी. त्याचा कशाशीच संबंध नाही."

"अगं, संबंधच आहे तो," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवरची पिशवी उचलली. मी बसले.

ताई बाविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागल्या. तेव्हा मुलांची कार्डं होती, ती चपलांच्या खोक्यात ठेवलेली. पुढे कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर आलेला प्रोग्रामर चार महिन्यांत काम अर्धवट टाकून निघून गेला, आणि बाकीचं ताईंनी केलं. एक जाडजूड पुस्तक, एक शब्दकोश आणि घरी धाकटी बहीण, एवढ्या भांडवलावर. बहीण शाळेत गणित शिकवायची. दोन टेबलं कशी जोडायची हे तिनं जेवताना वाट्या आणि झाकणं मांडून समजावलं होतं. दोघींनी लग्न केलं नाही, दोघी एकाच घरात राहिल्या, आणि पंख्याच्या वेगावरून रोज भांडल्या. "तीन-तीन दिवस बोलत नाही आम्ही," ताई सांगायच्या, "पण तिचा डबा मीच भरते. नाहीतर बया उपाशी जाईल."

कॉम्प्युटर आल्याच्या दुसऱ्या वर्षी एक भाऊ-बहीण आले. मुलींचं वसतिगृह वेगळं, लहान मुलांचं वेगळं, त्यामुळे दोघांची नोंद दोन ठिकाणी करायचा हुकूम झाला. ताईंनी ती केली. भाऊ चार वर्षांचा होता, बहीण आठची. तिनं त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं, आणि ती मूठ सोडवायला दोन माणसं लागली. ताई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, दोन महिन्यांत एकत्र ठेवायची सोय करू. म्हणून ताईंनी दोघांचे नंबर एका टेबलात शेजारी शेजारी लिहून ठेवले, दोन महिन्यांपुरते. नाव दिलं 'तात्पुरते'.

"मग?"

"मग साहेब बदलले. दुसरे आले, तेही बदलले. ओळी वाढत गेल्या."

'प्रकार' या कॉलमचा उलगडाही त्यांनी केला. एक म्हणजे सख्खी भावंडं, कागद आहे. दोन म्हणजे आई एक. तीन म्हणजे कागद काहीच नाही, मुलं स्वतः सांगतात म्हणून. मी विचारलं, चार म्हणजे? त्यांना नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन घ्यायचा होता.

मला त्यांच्याशी तसं तोऱ्यात बोलल्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी घाई करते. त्या दुपारी मी ते टेबल मॉडेलमध्ये घेतलं, त्याच्या साच्याला, म्हणजे क्लासला, 'भावंड' नाव दिलं, मुलांच्या क्लासला जोडलं. चित्रात रेघ आली. प्रकार काहीही असो, ओळ आहे म्हणजे भावंड आहे, असं मी धरून चालले. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला आपल्या नोंदींचा कागद मागता येतो. त्या कागदाच्या तळाशी भावंडाची नोंद आपोआप छापून येईल अशी सोय केली, आणि मोठ्या ऐटीत एक नमुना छापून ताईंच्या हातात दिला.

त्यांनी कागद पाहिला आणि उभा फाडला. मग आडवा.

"कुणाला दिलास का हा? दुसरा छापलास?"

"नाही हो, टेस्ट होती ती. काय झालं?"

त्यांनी दार लावलं. कागदावर मी छापलं होतं: 'भावंडे: बहीण, एक.' ती पहिली ओळ होती, शर्टाचं टोक धरलेल्या बहिणीची. प्रकार चार. ती बहीण वेगळी झाल्यावर अकरा महिन्यांनी तापानं गेली होती.

"भाऊ पाच वर्षांचा होता. साहेब म्हणाले, मोठा झाला की सांगू. मोठा झाला तेव्हा ते साहेब उरले नव्हते, आणि तो इथे कधी आलाच नाही." त्या कागदाचे तुकडे गोळा करू लागल्या. "आधी त्या ओळीत प्रकार एक होता, ती गेल्यावर मी तिथं चार केला. ओळ पुसवेना मला. अशा सात आहेत."

माझा कागद त्या मुलाच्या हातात पडला असता तर तो तिला शोधत फिरला असता. हे लक्षात आलं आणि मी माफी मागितली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मग 'मृत' असं छापू?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? हे छापायचं नसतं. सांगायचं असतं."

आजवर चार जणांना त्यांनी स्वतः सांगितलं होतं. तिघं अजून कधीच आले नव्हते, तो भाऊ त्यातलाच. पुढचे चार दिवस आम्ही त्या एका आकड्याशी झगडलो. शेवटी ठरलं ते असं: चार नंबर आला की प्रोग्राम छापणं थांबवेल आणि पडद्यावर ताईंची वाक्यं येतील. 'कागद देऊ नका. आतल्या खोलीत बसवा. पाणी द्या. या माणसाला बोलवा.' पुढे फोन नंबरासाठी जागा. असलं काही मी आयुष्यात कुठल्या मॉडेलमध्ये घातलं नव्हतं.

"नंबर तुमचाच टाकते," मी म्हटलं.

"माझा नको. मी काय अमर आहे? तरुण माणसाचा टाक." आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"ताई, मी बाहेरची. महिन्याभरात माझं काम संपतं इथलं."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "बरं," मी म्हटलं, "दुसरं कुणी मिळेपर्यंत माझा टाकते. तात्पुरता."

मग त्यांनी मला शिकवलं. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. घड्याळ बघायचं नाही. 'तुमची बहीण' असं म्हणून सुरुवात करायची नाही. आधी तिचं नाव घ्यायचं. "का?" मी विचारलं. "करून बघ म्हणजे कळेल," त्या म्हणाल्या.

निवृत्तीनंतर दीड वर्षानं ताई गेल्या. बहिणीनं कळवलं. मी भेटायला गेले तेव्हा तिनं पंखा अगदी हळू ठेवला होता, ताईंना चालायचा तसा. माझ्याशी बोलताना ती मध्येच उठून दोनदा तो वाढवायला गेली आणि तशीच परत आली.

त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी त्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, स्क्रीनवर तुमचा नंबर आलाय. एक जण कागद घ्यायला आलाय, वेल्डर आहे. काय करू?"

"आत बसवा. पाणी द्या. मी येते."

पूर्ण वाटेत मी स्वतःवर चिडत होते. हे माझं काम नाही, मी टेबलं वाचते, मी कोण याला सांगणार? तिथे पोचले तेव्हा तो, पहिल्या ओळीतला भाऊ, ताईंच्या जुन्या खोलीत बसला होता. पंचविशीचा, मनगटावर भाजल्याचे बारीक डाग, पाण्याचा ग्लास तसाच भरलेला. मी दार लावलं. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या बहिणीचं नाव घेतलं.

तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उजळला.

"तुम्हाला तिचं नाव माहिती आहे?" तो म्हणाला. "मला वाटायचं, माझ्याच डोक्यात आहे ती. मीच बनवलीय."

"नाही," मी म्हटलं. "ती होती. आमच्याकडे तिची नोंद आहे."

मग मी बाकीचं सांगितलं.