मागच्या आवारातल्या अकरा पेट्या

थोरलीचे हात आईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. पेरं सुजून लाल झालेली, तळव्यांना भेगा, दोन नखांखाली काळं धरलेलं. एकतीस वर्षांच्या मुलीचे हात असे असतात का? रविवारी घरी जेवायला आली तेव्हा तिने चमचा मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा. "थंडीने आखडलेत गं, होतील सरळ," म्हणाली आणि विषय बदलला.

थोरली गावाबाहेरच्या एका श्वानगृहात काम करायची. लोक परगावी जाताना आपली कुत्री तिथे ठेवून जायचे. आठ दिवस, पंधरा दिवस. ती कुत्री पुढच्या इमारतीत राहायची. तिथे हीटर होते, गाद्या होत्या. मागच्या उघड्या आवारात अकरा लाकडी पेट्या होत्या, आणि त्यांत राहायची ती कुत्री, ज्यांना न्यायला कुणी परत आलंच नव्हतं. मालकांचे फोन बंद, पत्ते खोटे. ही अकरा थोरलीच्या वाट्याची. तीन महिन्यांसाठी म्हणून ती कामाला लागली होती. हा चौथा हिवाळा.

श्वानगृह चालवणारे डॉक्टर म्हणजे जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "तू आहेस तोवर ती मागची आहेत. तू गेलीस की मी त्यांना उचलायला नगरपालिकेची गाडी बोलावणार." हे ते रागाने म्हणत नसत. उद्या ढग येतील असं सांगावं, तसं म्हणत. त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नसे.

"पोरगी अडकलीय हो तिथे," आई नवऱ्याला रोज ऐकवायची.

"अकरा जणांशी संसार मांडलाय तिने," वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे. "तुला एका जावयाची हौस होती. मोज आता."

पण या सोमवारपासून 'अडकलीय' म्हणताना आईची जीभ अडखळायला लागली होती.

सोमवारी दुपारी घरच्या फोनवर एका बाईंचा फोन आला होता. लांबच्या शहरातलं जनावरांचं मोठं हॉस्पिटल. थोरलीने तिथे अर्ज केला होता, मुलाखतही दिली होती, आणि आईला याचा पत्ताच नव्हता. थोरलीचा मोबाइल लागेना म्हणून बाईंनी अर्जावरचा दुसरा नंबर फिरवला होता. "जागा तिच्यासाठी ठेवलीय. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवायला सांगा. त्यानंतर मात्र दुसऱ्याला देऊ."

"सांगते हं," आई म्हणाली. निरोप एका पाठकोऱ्या कागदावर नीट उतरवून घेतला, आणि कागद साखरेच्या डब्याखाली सरकवला. मंगळवार गेला. बुधवार गेला. ती विसरली नव्हती. डब्याला हात लावायची वेळ येऊ नये म्हणून तीन दिवस ती बिनसाखरेचा चहा प्यायली, आणि वडिलांना वाटलं, तिच्या डॉक्टरने साखर बंद करायला सांगितलं असेल. धाकटा आधीच परदेशी. ते शहर रेल्वेने बारा तासांवर. थोरली निदान तासाभराच्या बसवर तरी होती.

शुक्रवारी सकाळी मात्र राहवेना. मलमाची डबी आणि लोकरीचे हातमोजे पिशवीत टाकून ती बसमध्ये बसली. मनाशी म्हणाली, समोर गेले की सांगून टाकीन.

आवारात शिरताच अकराच्या अकरा जणांनी एकदम भुंकायला सुरुवात केली. थोरली एका पेटीचं झाकण उचलून आत कंबरेपर्यंत वाकली होती. "ए वकील, पुरे! कोर्ट उठलं!" ती आतूनच ओरडली. काळं कुत्रं आणखी दोन वाक्यं ऐकवून गप्प झालं.

"हातमोजे आणलेत," आई म्हणाली.

"ठेव. मोजे घालून ओल कळत नाही." थोरलीने उघडा हात पेंढ्याखाली तळापर्यंत घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग तिथला पेंढा खसाखसा उपसून बाहेर टाकला. "बघ, वरून कोरडा वाटतो. खाली हा असा. रात्रभर यावर झोपलं की मेलंच."

रोज दोनदा, अकरा पेट्यांत, तळापर्यंत. त्या हातांचं कोडं आईला आत्ता सुटलं.

पेट्या विटांवर उचलून ठेवल्या होत्या. दारं वाऱ्याकडे पाठ करून, त्यांवर जुन्या टायरच्या ट्यूबचे पडदे. आईला त्या फारच लहान वाटायच्या. "बिचाऱ्यांना अंग वळवायला तरी जागा ठेवायचीस."

"वळतात की. मोठी पेटी कुत्र्याच्या अंगाने तापत नाही, आई. घट्ट असली तरच ऊब राहते."

हे वाक्य आईला उगाच टोचलं. आधीच एक चूक तिच्या नावावर होती. गेल्या महिन्यात तिने आपल्या राहत्या इमारतीत घरोघर फिरून जुन्या रजया गोळा केल्या होत्या आणि इथे येऊन, थोरलीचं न ऐकता, पेट्यांत स्वतः अंथरल्या होत्या. कापूस तो. कुत्र्यांच्या ओल्या अंगाने रात्रीत भिजला आणि पहाटेपर्यंत पत्र्यासारखा कडक झाला. सगळ्यांत म्हाताऱ्या कुत्र्याची, आजोबांची, छाती भरली. तेव्हापासून थोरली पेंढ्याच्या खोलीत आजोबांशेजारी खाट टाकून झोपत होती. आईला ती एवढंच म्हणाली होती, "रजया धुवायला टाकल्यात."

आई त्या खोलीत जाऊन टेकली. आजोबा पोत्यावर घरघरत होते. फळीवर एक वही होती, दोरीने बांधलेली. आईला वाटलं, औषधांची असेल. तिने उघडली.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं: जो कोणी माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी. खाली थोरलीचं बारीक, उभट अक्षर. पेंढाच आणायचा, गवत नको, गवत ओल धरतं. सहा नंबरचं झाकण फुगलंय, उचलून डावीकडे ढकला. सकाळी पाण्यावरचा बर्फ फोडून कोमट पाणी घाला. भोपळा लोचट आहे, दोनदा जेवण मागेल, थंडीत द्या. पुढच्या पानावर अकरा जणांची यादी. वकील: शाळेच्या शिपायाकडे, ठरलं. भोपळा: दूधवाल्याकडे, बघून गेले, ठरलं. एकेका नावावर रेघ मारलेली. आठ नावं गेली होती. आजोबांपुढे लिहिलं होतं, माझ्याबरोबर. दोनच उरली होती. पहिल्या रेघेशेजारी तारीख होती, आठ महिन्यांपूर्वीची.

म्हणजे पोरगी अडकून बसली नव्हती. आठ महिने ती एकेक वीट काढत होती. आणि बाहेरून दार लावलं होतं ते आईने.

"काय वाचतेस?" थोरली दारात.

"काही नाही." आईने वही मिटली.

"तुला काही बोलायचंय का? सकाळपासून चेहरा असा का?"

"नाही गं. मलम लाव."

"रजयांचं अजून मनात धरून बसलीस? जाऊ दे की, आजोबा सुधारताहेत," थोरली म्हणाली आणि हसली. ती हसली म्हणून तर शब्द आणखीच आत गेले. कसंबसं "येते" म्हणून आई बसथांब्याकडे निघाली.

घरी पोचायला पावणेपाच झाले. चपला न काढताच तिने डबा उचलला, कागद बाहेर काढला आणि नवऱ्यापुढे धरला. त्यांनी वाचला, तारीख पाहिली, पुन्हा वाचला. मग हातातला पेपर बाजूला ठेवला.

"सोमवारचा आहे हा," ते म्हणाले.

"हो."

"बरं. अजून तासभर आहे. त्या बाईंना फोन लाव, सांग, मुलगी येतेय. झालं! तिला कळायचंसुद्धा नाही की निरोप चार दिवस इथे पडून होता."

सोपं होतं. आईचा हात क्षणभर तिकडे वळलाही. मग तिने मान हलवली. "तिच्या वतीने होकारही मीच द्यायचा? नाही. तिला सांगते. सोमवारपासून माझ्याकडे होता, तेही सांगते."

"मागे रेंज नसते तिला."

"पुढच्या इमारतीत फोन आहे ना."

"अगं, तो डॉक्टर उचलतो. तिला का बोलावतेस, विचारेल. मग? निरोप दाबून ठेवला होता, हे त्यालाही सांगणार?"

"विचारू दे," आई म्हणाली, आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसली.