हे शब्द सांगणार नाही

"ही आमची निवेदक," सर म्हणाले. "चल गं, बोलून दाखव."

माझं नाव घेतलं नाही. मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होते, तेही सांगितलं नाही. भाषाविज्ञानात ज्याच्या तोंडून भाषा टिपून घेतात त्याला निवेदक म्हणतात. मी तेवढीच. एक तोंड.

दिल्लीतलं थंडगार सभागृह. परदेशातून आलेले प्राध्यापक, विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत एक निवृत्त पोलीस अधिकारी. विषय भाषा आणि कायदा होता, म्हणून त्यांना मानानं बोलावलेलं. संयोजकांपैकी एक बाई आल्या. माइक माझ्यापुढे धरला आणि दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. बाजारात शेळीचे दात बघताना करतात तशी.

"पोलीस आले की वस्तीत जे शब्द वापरता ते सांग," सर म्हणाले. "एकेक. सावकाश."

मी पारधी. गावात कुणाचं काही हरवलं की पोलिसांची गाडी आमच्या वस्तीवर यायची. पहाटेच. आई चुलीपुढे बसल्या बसल्या एक शब्द बोलायची. आवाज न चढवता. पोराला पाणी आण म्हणावं तसा. बाप आणि काका झोपडीमागून ज्वारीत शिरायचे. पोलिसांना वाटायचं, बाई पोरांशी बोलतेय. त्या शब्दांवर आमची माणसं वाचली. सगळी नाही. काकाला एकदा धरलाच. परत आला तेव्हा त्याला मांडी घालून बसता येत नव्हतं.

हे सगळं सरांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

सर काही लहान माणूस नव्हते. मूळचे पुण्याचे, पण आयुष्य दिल्लीत गेलेलं. ज्या भाषांना ना लिपी ना राज्य, त्यांची व्याकरणं त्यांनी लिहिली. ती जगभर शिकवतात. आणि नुसते पुस्तकातले नव्हते. भटक्यांच्या पालांवर बुलडोझर आला की त्याच्यापुढे जाऊन उभे राहायचे. त्यापायी तुरुंगातही जाऊन आले.

मी दिल्लीला यूपीएससीच्या तयारीसाठी आले होते. जंतरमंतरवर एका धरण्यात त्यांना पहिल्यांदा ऐकलं. भाषण झाल्यावर भेटायला गेले. घरी काय बोलता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाषा नाही सर, चोरांची बोली आहे. शाळेत गुरुजी तसंच म्हणायचे.

सर म्हणाले, "तिला व्याकरण आहे. तुला ते येतं. मला येत नाही."

आमच्यासमोर 'मला येत नाही' म्हणणारा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. क्लास सोडला. भाषाविज्ञान घेतलं. म्हणूनच पुढे एका दुपारी, त्यांच्या खोलीत रेकॉर्डर चालू असताना, मी ते शब्द सांगितले. मी म्हणाले, सर, हे बाहेर नको. सर म्हणाले, बिल्कुल नाही, निर्धास्त राहा.

आणि आता हा माइक.

पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्यानं खिशातून पेन काढलं. त्याच्या मनात काही वाईट असेल, नसेल. पण पेन काढलं. सर हसत वाट बघत होते. या माणसामुळे मी इथवर आले होते. त्याला भर सभेत खाली बघायला कसं लावायचं? पहिला शब्द जिभेवर आलासुद्धा.

तो गिळला. म्हणाले, "हे शब्द मी सांगणार नाही."

सर हसले. लोकांना इंग्रजीत म्हणाले की मुलगी लाजते आहे. सगळे हसले. मग माझ्याकडे झुकून हळूच मराठीत म्हणाले, "अगं, तमाशा नको. रेकॉर्डिंग आहे, तेच लावतो."

ते लॅपटॉपकडे वळले. मी मध्ये जाऊन उभी राहिले. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. मी लाजत नाही. हे शब्द पोलिसांपासून जीव वाचवायचे आहेत, आणि समोर पोलीस बसले आहेत. लावायचे असतील तर आधी माझ्या वस्तीला विचारा.

कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यानं पेन खिशात ठेवलं. अध्यक्षांनी घाईघाईनं चहाची सुट्टी जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी सरांनी घरी बोलावलं. खुर्चीकडे बोट दाखवलं. मी उभीच राहिले.

"मी तुमच्या लोकांसाठी तुरुंगात गेलो," ते म्हणाले. खरंच दुखावले होते.

"सर, तुम्ही सुटलात तेव्हा लोक हार घेऊन उभे होते. माझा काका सुटला तेव्हा दारात पोलिसांची दुसरी गाडी उभी होती."

त्यांनी आपल्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित पुढे ओढलं. मग म्हणाले, ज्ञान सगळ्यांचं असतं. त्या शब्दांवरचं प्रकरण पुस्तकात जाणार. आणि तू पुढचा विचार कर, या विषयात सगळे एकमेकांना ओळखतात.

ती धमकी होती. ते काळजी केल्यासारखं बोलले, पण धमकीच होती. पहाटेच्या गाड्या बघत वाढलेल्या माणसाला ती ओळखू येते.

मी विद्यापीठात तक्रार केली. मार्गदर्शक बदलून मागितला. शब्द छापायला माझी लेखी संमती नव्हती, म्हणून ते प्रकरण पुस्तकातून निघालं. रेकॉर्डिंगही माझ्या हाती आलं. चळवळीतल्या मित्रांनी मला कृतघ्न ठरवलं. माझी पीएच.डी. लांबली. काही दारं बंद झाली, ती अजून बंदच आहेत. सर अजूनही बुलडोझरपुढे उभे राहतात. मीही जाते. एकाच रस्त्यावर असतो आम्ही. बोलत नाही.

आमच्या भाषेचं व्याकरण मी लिहिते आहे. क्रियापदं, लिंगं, अंगाई, शिव्या, सगळं. प्रत्येक पान वस्तीवर बसून वाचून दाखवते. बाया नको म्हणाल्या की खोडते. का, असं विचारत नाही.

आमच्या लोकांचं तोंड आता दुसरं कुणी उघडणार नाही. पोलीस नाही, प्राध्यापक नाही, आमच्यासाठी तुरुंगात जाऊन आलेलाही नाही. ज्याला आमची भाषा हवी त्यानं वस्तीवर यावं. खाली बसावं. विचारावं. आणि नाही म्हटलं तर उठून जावं.