मागून म्हणजे केव्हा?

डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या सरांनी फळ्यावर कार्यस्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात धरणारी स्मृती, काढून दाखवली. वर एक चौकोन, खाली दोन. वरचा साहेब. तो स्वतः काही लक्षात ठेवत नाही, नुसती कामं वाटतो. खाली दोन कारकून. एकाने ऐकलेलं मनात घोकायचं, दुसऱ्याने पाहिलेलं डोळ्यांपुढे धरायचं. घोकणं थांबलं की ऐकलेलं पुसलं जातं, असं सर म्हणाले. परदेशी विद्वानांनी माणसाच्या डोक्यात शिरून शोधलं काय, तर कचेरी! मला आधी हसू आलं, मग संताप. काही लक्षात न ठेवणारा असा एक साहेब मी लहानपणी जवळून पाहिला होता.

तेव्हा मी आणि माझी थोरली बहीण मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत होतो. आमचा पाडा वर सूर्यमाळला. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागे, म्हणून आईने थोरलीला उशिरा शाळेत घातलं. घरची बोली एक, पुस्तकातलं मराठी दुसरंच. तिला मार्क कमी पडत. एक दिवस शहरातून बुद्धी तपासणारे साहेब आले. ज्या मुलींची स्मरणशक्ती कच्ची निघेल त्यांना घरी पाठवायचं आणि वसतिगृहातली जागा दुसऱ्या कुणाला द्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे मार्क कमी असलेल्यांच्या ताटाखालचा पाट काढायचा, तोही शास्त्राच्या नावाने.

साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. आवाज असा, की रेडिओवरच्या बातम्याच. थोरलीला त्यांनी भराभर पाच आकडे सांगितले आणि म्हणाले, “आता हेच मागून सांगायचे.”

साहेबांना ते शेवटाकडून उलटे हवे होते. आमच्या वसतिगृहात मात्र ‘मागून’ला एकच अर्थ होता. लहान मुलींनी आधी जेवायचं, मोठ्यांनी मागून. थोरलीने मान डोलावली आणि गप्प उभी राहिली. ओठ तेवढे हलत होते.

“पुटपुटू नकोस. तोंड बंद,” साहेब खेकसले.

घोकण्यावर टिकणारी स्मृती तपासायला आलेला हा शहाणा घोकूच देईना! थोरलीने ओठ मिटले. पायाचा अंगठा तेवढा शेणाने सारवलेल्या जमिनीवर आपटत राहिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, काहीतरी खरडलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

मग जेवणाची वेळ होईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. मी काही विचारलं तर हातानेच मला झटकलं. लहान मुलींची पंगत उठली तशी ती तडक साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. ते हेडमास्तरांबरोबर जेवत होते.

“साहेब, आता सांगू का?”

आणि तिने पाचही आकडे ऐकले त्याच क्रमाने सांगितले. एकही चुकला नाही.

साहेबांना ते आकडे आठवत तरी होते का, कोण जाणे. ते हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? साधी सूचना कळत नाही.” हेडमास्तर हसले. साहेबांनी आणखी भात मागितला. इतकं शिकलेला आणि इतका ठोंब्या माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी बा तिला न्यायला आला. हेडमास्तरांनी त्याला सांगितलं, “हिच्या डोक्यात काही राहत नाही.” बाने ते वाक्य जसंच्या तसं पाड्यावर नेलं.

डी.एड. संपवून मी घरी गेले. थोरलीची मुलगी शाळेच्या वयाची झाली होती. मी म्हटलं, हिचं नाव घालू या.

“कशाला? माझीच पोर हाय. तिचे डोक्यात काय रेहेल?”

मी तिला तो चौकोनातला साहेब सांगितला, ते दोन कारकून सांगितले. मागून या शब्दाचे दोन अर्थ सांगितले. तुझी काही चूक नव्हती, तो माणूसच अडाणी होता, असं ओरडून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तू शिकलीस ना, म्हणून तुला असं गोड बोलता येतं.”